डोळ्याची साक्ष : क्ष-किरण-दर्शनाच्या साधनांचा इतिहास

क्ष-किरणांचा इतिहास सांगणारे बहुतेक लेखक फोटोच्या कांचेपासून आरंभ करितात. राँटगेन यांच्या पत्नीचा हात, बोटांतील अंगठीची छाया व आंतील हाडें दाखविणारी ता. २२ डिसेंबर १८९५ ची कांच शालेय पुस्तकांपर्यंत पोंचली आहे, आणि तिच्यामुळें हे किरण प्रथम फोटोंत सांपडले अशी समजूत रूढ झाली आहे. वस्तुतः कांच ही मागाहून आलेली साक्षीदार होय. किरण प्रथम सांपडले ते एका रासायनिक लवणाच्या चकाकींत. आणि ती चकाकी पाहणारा मनुष्याचा डोळा हेंच पुढें जवळजवळ पन्नास वर्षें वैद्यकांतील किरण-शोधनाचें एक मुख्य साधन होऊन राहिलें. हा डोळा कितपत विश्वसनीय होता, त्याच्या साक्षीची किंमत कोणीं व कशी दिली, आणि अखेर त्यास त्या स्थानावरून कां दूर व्हावें लागलें, याचा विचार प्रस्तुत लेखांत आम्ही करणार आहों. जुन्या कागदांतील साक्ष तपासण्याची जी रीत संशोधकांच्या अंगवळणीं पडली आहे, तीच येथें लावून पाहिली आहे.

मूळ प्रसंगाचीं साधनें थोडीं आहेत. आपल्या पश्चात् खासगी कागद जाळून टाकावे अशी व्यवस्था राँटगेन यांनीं करून ठेविली होती, आणि १९२३ च्या फेब्रुवारींत ते वारल्यावर तसें झालें. शिल्लक राहतात तीं मुख्यतः दोन साधनें. पहिलें, वुर्त्सबुर्ग येथील भौतिक-वैद्यक मंडळास त्यांनीं ता. २८ डिसेंबर १८९५ रोजीं सादर केलेला निबंध, दुसरें, एच्. जे. डब्ल्यू. डॅम या पत्रकारानें त्यांची घेतलेली मुलाखत, जी १८९६ च्या एप्रिलांत एका अमेरिकन मासिकांत छापली गेली. ता. ८ नोव्हेंबर ही शोधाची सर्वश्रुत तारीख मुलाखतींत आहे; निबंधांत ती नाहीं. त्याच मुलाखतींत, शोधाचा इतिहास सांगा असें म्हटल्यावर, इतिहास असा कांहीं नाहींच, असें राँटगेन यांनीं उत्तर दिल्याचें डॅम लिहितो. इतिहासाच्या अभ्यासकांस हें उत्तर रुचण्यासारखें नाहीं. परंतु तें देणारा गृहस्थ खोटें बोलत होता असेंही आम्हांस वाटत नाहीं.

निबंध मात्र फार बोलका आहे. त्याच्या पहिल्याच कलमांत प्रयोगाची मांडणी आहे : काळ्या जाड कागदानें झांकलेली निर्वात नळी, अंधारी खोली, आणि बेरियम प्लॅटिनोसायनाइड या लवणाचा लेप दिलेला कागद. नळींतून विद्युत् सोडतांच तो कागद उजळतो. लेपाची बाजू नळीकडे असो वा पाठ असो, उजळतोच. आणि दोन मीटर अंतरावरही त्याची चकाकी दिसते. हात मध्यें धरला तर मांसाच्या फिकट छायेंत हाडांची गडद छाया पडते, हें निरीक्षणही पडद्यावरचेंच आहे. फोटोच्या कांचेची गोष्ट त्यानंतर येते. आणखी एक महत्त्वाचें वाक्य या निबंधांत आहे, ज्याचा आशय असा कीं डोळ्याच्या नेत्रपटलास हे किरण जाणवत नाहींत. म्हणजे किरणांची भाषा डोळ्यास कळत नाहीं. मध्यें कोणी दुभाषी पाहिजे. पुढील सर्व इतिहास या दुभाषांचा इतिहास आहे, आणि दुभाषी बदलला कीं बातमी बदलते, हें दरबारी पत्रव्यवहार वाचणाऱ्यांस सांगावयास नकोच.

याचें पहिलें उदाहरण फिलिप लेनार्ड यांचें. राँटगेन यांच्या आधीं कांहीं वर्षें लेनार्ड यांनीं नळीस अल्युमिनियमच्या पातळ पत्र्याची खिडकी बसवून ऋणकिरण बाहेर काढले होते, आणि तसल्या नळींतून क्ष-किरणही निघत असलेच पाहिजेत. पण लेनार्ड यांच्या पडद्यावर एका कीटोन-वर्गांतील सेंद्रिय पदार्थाचा लेप होता. तो ऋणकिरणांनीं छान उजळे. क्ष-किरणांस मात्र तो जवळजवळ मुका होता. लेनार्ड यांस १९०५ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें, तरी हा शोध हातचा गेल्याची सल त्यांच्या मनांतून गेली नाहीं. त्यांच्या बुद्धींत वा परिश्रमांत उणें कांहीं नव्हतें. त्यांचा दुभाषी दुसरी भाषा जाणणारा होता, इतकेंच.

१८९६ च्या आरंभींच पडद्यास हातांत धरण्याजोगें रूप आलें. इटलींतील पेरुजा येथें साल्व्हिओनी यांनीं फेब्रुवारींत एक पेटी दाखविली. तिच्या एका टोंकास डोळे लावावयाचे व दुसऱ्या टोंकास लवणाचा पडदा, म्हणजे खोली अंधारी करण्याचें कारण उरत नाहीं. त्यानंतर थोड्याच दिवसांत एडिसन यांनीं आपल्या नेहमींच्या पद्धतीनें पदार्थांमागून पदार्थ तपासण्याचा सपाटा लाविला, आणि मार्चांत कॅल्शियम टंगस्टेट हें लवण सर्वांत सरस असल्याची तार लॉर्ड केल्विन यांस केली. मे महिन्यांत न्यूयॉर्कच्या विद्युत्-प्रदर्शनांत लोक रांगा लावून त्यांच्या पडद्यावर आपल्याच हाडांचें दर्शन घेत होते. याच सुमारास कोलंबिया विद्यापीठांतील प्यूपिन यांनीं बंदुकीचे छरे घुसलेल्या एका हाताचा फोटो घेतांना कांचेस असा पडदा चिकटवून ठेविला, आणि जेथें तासभर हात स्थिर ठेवावा लागे तेथें कांहीं सेकंदांत काम झालें. तो पडदा एडिसन यांनीं पाठविला होता, असें प्यूपिन यांनीं १९२३ सालच्या आत्मचरित्रांत नमूद केलें आहे.

एडिसन यांचें लवण सर्वांत सरस ठरलें, ही गोष्ट लोकप्रिय चरित्रांत जशीच्या तशी उतरवून घेण्यांत येते. ती पारखून घ्यावयास हवी. कॅल्शियम टंगस्टेटची चकाकी निळी-जांभळी असते, बेरियम प्लॅटिनोसायनाइडची हिरवट-पिवळी. मनुष्याचा डोळा हिरव्यास अधिक जागा, तर फोटोची कांच निळ्यास. त्यामुळें डॉक्टरांच्या डोळ्यांपुढील पडद्यांत जुनें प्लॅटिनोसायनाइड पहिल्या महायुद्धाच्या सुमारापर्यंत टिकून राहिलें व नंतर त्याची जागा इतर लवणांनीं घेतली; उलट कांचेला व फिल्मला चिकटणाऱ्या पडद्यांत कॅल्शियम टंगस्टेटनें जें बस्तान बसविलें तें १९७० नंतरच्या दशकांत गॅडोलिनियमसारख्या दुर्मिळ मृत्तिका-धातूंचीं लवणें येईपर्यंत हललें नाहीं. एडिसन जिंकले खरे, पण ज्या लढाईंत ते उतरले होते तींत नव्हे.

पडद्याचें खरें सामर्थ्य चलनवलन दाखविण्यांत होतें. बोस्टन येथें वॉल्टर कॅनन हे विद्यार्थिदशेंत असतांनाच, १८९६ च्या डिसेंबरांत, एका कुत्र्यानें गिळलेलें मोत्याचें बटण घशांतून खालीं उतरतांना त्यांनीं पडद्यावर पाहिलें. पुढें बिस्मथ मिसळलेलें अन्न देऊन मांजराच्या जठराच्या लाटा त्यांनीं टिपल्या. अन्नमार्गाची आजची क्ष-किरण-परीक्षा या प्रयोगांची संतति होय. परंतु ही परीक्षा करणाऱ्यास प्रथम आंधळें व्हावें लागे. १८९९ त पॅरिस येथील आंत्वान बेक्लेर यांनीं दाखवून दिलें कीं पडद्याचा प्रकाश इतका मंद असतो कीं दिवसाउजेडीं काम करणारे नेत्रपटलांतील शंकू तेथें निकामी ठरतात. रात्रीं पाहणारे दंड जागे झाल्याविना कांहीं दिसत नाहीं, आणि त्यांस जागें होण्यास वीस मिनिटें वा अधिक काळ अंधार लागतो. म्हणून डॉक्टर काळोखांत वाट पाहत बसत. १९१६ सालीं ट्रेंडेलेनबुर्ग यांनीं लाल कांचांचा चष्मा सुचविला. तांबड्या उजेडाची दंडांस जाणीव नसते, त्यामुळें चष्मा घालून डॉक्टरास इतर काम करतां येई व डोळे आंतल्या आंत अंधारास सरावत. हे लाल चष्मेवाले डॉक्टर इस्पितळांच्या बोळांतून पुढें पस्तीस-चाळीस वर्षें वावरत होते.

आतां किंमतीकडे वळूं. नळीचे किरण किती तीव्र आहेत हें अजमावण्यासाठीं त्या काळीं सोपी युक्ति होती : पडद्यामागें स्वतःचा हात धरावयाचा आणि हाडें कितपत स्पष्ट दिसतात तें पाहावयाचें. दिवसांतून अनेक वेळां, वर्षानुवर्षें, डॉक्टर व कारागीर हें करीत राहिले. एडिसन यांचा कांचकाम करणारा सहाय्यक क्लॅरन्स डॅली याचे हात प्रथम भाजल्यासारखे झाले, मग व्रण पडले, मग कर्करोग झाला. दोन्ही हात शस्त्रक्रियेनें कापावे लागले, तरी रोग थांबला नाहीं, आणि १९०४ च्या ऑक्टोबरांत एकुणचाळिसाव्या वर्षीं तो वारला. एडिसन यांनीं त्याआधींच क्ष-किरणांचें काम सोडून दिलें होतें. हॅम्बुर्गच्या सेंट जॉर्ज इस्पितळाच्या आवारांत १९३६ च्या एप्रिलांत या किरणांनीं मृत्यु पावलेल्यांचें स्मारक उभें राहिलें, तेव्हां त्यावर निरनिराळ्या राष्ट्रांतील १६९ नांवें कोरलेलीं होतीं. वंशावळी व वीरगळ वाचण्याची ज्यांस संवय आहे त्यांनीं ही नामावळीही वाचावी. विज्ञानाच्या इतिहासांत इतकें स्पष्ट दुसरें साधन क्वचितच आढळेल.

एक चमत्कारिक गोष्ट येथें नमूद करणें अवश्य आहे. ज्या प्लॅटिनोसायनाइडच्या मोहानें हात पुढें केले गेले, त्याच लवणांत धोका मोजण्याचा गुणही होता. किरण पडत राहिले कीं त्याचा हिरवट रंग पालटून तपकिरी होत जातो. १९०४ सालीं पॅरिस येथें साबुरो व न्वारे यांनीं या लवणाच्या लहान टिकल्या केल्या; डोक्यावरील नायट्यावर किरणोपचार करतांना नळी व त्वचा यांच्या निम्म्या अंतरावर टिकली ठेवावयाची आणि तिचा रंग नमुन्याच्या रंगाशीं जुळला कीं नळी बंद करावयाची. रोग्यास मिळणारी मात्रा अशी रंगावरून ठरूं लागली. किरण चालविणाऱ्याच्या हातास किती मात्रा मिळाली, हें मात्र कोणी टिकली लावून पाहिलें नाहीं.

हिंदुस्थानचा या प्रकरणाशीं संबंध फार लवकर आला. १८९७-९८ च्या तिराह मोहिमेंत सर्जन-मेजर बीव्हर यांनीं क्ष-किरणांचें यंत्र वायव्य सरहद्दीवरील डोंगरांत नेलें, आणि जखमी शिपायांच्या शरीरांतील गोळ्या त्याच्या साह्यानें शोधल्या. बाकी दुसऱ्या टोंकाचें उदाहरण ब्राझिलांतील : १९३६ सालीं रिओ द जानेरो येथें मान्वेल द अब्रेऊ यांनीं पडद्यावरील छातीच्या छायेचा लहानशा फिल्मवर फोटो घेण्याची पद्धति बसविली, आणि क्षयरोगाच्या तपासणीसाठीं हजारों लोकांस स्वस्तांत व झटपट तपासणें शक्य झालें.

येथवर डोळ्याच्या मंदपणाविषयीं लिहिलें. त्याच्या खरेपणाविषयींचा वाद भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेंत उपस्थित झाला, आणि आमच्या मतें या सर्व इतिहासांतील तोच मर्मस्थानाचा प्रसंग होय. १९०३ सालीं क्रुक्स यांस, तसेंच स्वतंत्रपणें एल्स्टर व गाइटेल यांस, असें दिसून आलें कीं रेडियमजवळ झिंक सल्फाइडचा पडदा धरून भिंगांतून पाहिलें तर चकाकी अखंड नसते. ती सुट्या ठिणग्यांची बनलेली असते, आणि प्रत्येक ठिणगी म्हणजे एका कणाचा आघात. किरण आतां मोजतां येऊं लागले. रदरफोर्ड यांचे सहकारी गायगर व मार्सडेन यांनीं १९०९ सालीं ज्या निरीक्षणांवरून अणूच्या गाभ्याचा पत्ता लागला, तीं अशाच ठिणग्या मोजून केलीं होतीं.

पुढें १९२२ नंतर व्हिएन्ना येथील रेडियम-संशोधन-संस्थेंत पेटरसन व किर्श यांनीं हलक्या मूलद्रव्यांचे अणु फोडल्याचे दावे केले, ते केंब्रिजच्या निष्कर्षांशीं जुळेनात. एकाच प्रकारचा पडदा, एकाच प्रकारचें भिंग, आणि आंकडे मात्र निराळे! वर्षानुवर्षें नियतकालिकांतून वाद झाला. अखेर १९२७ च्या डिसेंबरांत केंब्रिजचे चॅडविक हे व्हिएन्नास गेले. तेथें ठिणग्या मोजण्याचें काम तरुण स्त्रियांकडे होतें. चॅडविक यांनीं मोजणाऱ्या त्याच ठेविल्या. केवळ उगमापुढें काय ठेविलें आहे व कोणता आंकडा अपेक्षित आहे हें त्यांस कळूं दिलें नाहीं. तेव्हां पूर्वीचे निष्कर्ष नाहींसे झाले. या स्त्रिया लबाडी करीत होत्या असें कोणींही म्हटलेलें नाहीं. थकलेला डोळा अंधुक उजेडांत अपेक्षित तें पाहतो, आणि अपेक्षा वरिष्ठांकडून नकळत खालीं झिरपते. चॅडविक यांनीं या भेटीचा जाहीर गाजावाजा केला नाहीं. त्यांनीं स्वतः ती हकीकत १९६९ सालच्या एका मुलाखतींत सविस्तर सांगितली. ज्या बखरकारास धन्याची इच्छा ठाऊक आहे त्याच्या आंकड्यांविषयीं आम्ही जो संशय बाळगितों, तोच येथें एका प्रयोगानें सिद्ध झाला.

डोळ्याच्या जागीं यंत्र बसविण्याची सोय १९३० नंतर झाली. प्रकाशगुणक नळींत प्रकाशाचा अल्पसा अंश एका पत्र्यावर पडून विद्युत्कण सुटतात, ते दुसऱ्या पत्र्यावर आपटून अधिक कण सुटतात, आणि असे आठ-दहा टप्पे होऊन अखेर मोजण्याइतका प्रवाह मिळतो. १९४४ सालीं अमेरिकेंत, अणुबाँबच्या गुप्त कामावर असतांना, कुरान व बेकर यांनीं झिंक सल्फाइडच्या पडद्यास अशी नळी जोडली. तें काम युद्धानंतरच छापून निघालें. झिंक सल्फाइड अपारदर्शक असल्यामुळें त्याचा पातळ थरच उपयोगी पडे, आणि भेदक गॅमा किरण त्यांतून आरपार निघून जात. यावर तोड १९४७ सालीं उद्ध्वस्त बर्लिनमध्यें हार्टमुट काल्मान यांनीं काढली. ज्यू वंशाचे म्हणून १९३३ त ज्यांची संशोधन-संस्थेंतील जागा गेली होती, ते हे गृहस्थ. त्यांस पारदर्शक व जाड असा पदार्थ पाहिजे होता, आणि तो त्यांनीं कपड्यांत कसर लागूं नये म्हणून ठेवावयाच्या डांबराच्या गोळ्यांत, म्हणजे नॅफ्थलीनमध्यें, शोधला. पुढच्याच वर्षीं प्रिन्स्टन येथें हॉफ्स्टाटर यांनीं थॅलियमचा अंश घातलेल्या सोडियम आयोडाइडचा स्फटिक पुढें केला. आयोडिनचा अणु जड असल्यामुळें गॅमा किरण त्यांत अडकतात, आणि निघणारा प्रकाश किरणाच्या शक्तीच्या प्रमाणांत असल्यामुळें सरळ आलेला किरण व वाटेंत आपटून दुबळा झालेला किरण यांचा भेद करतां येतो. हवेंतल्या दमटपणानें हा स्फटिक खराब होतो म्हणून त्यास घट्ट झांकून ठेवावें लागतें, एवढाच काय तो त्याचा नखरा.

पडद्याच्या बाजूसही याच काळांत निकाल लागत होता. १९४१ सालच्या एका व्याख्यानांत चेंबरलेन यांनीं अमेरिकन क्ष-किरणतज्ज्ञांस बजाविलें कीं तुम्ही चांदण्यांत पुस्तक वाचण्याचा प्रयत्न करीत आहां. पडद्यावर बारकावा असला तरी तो तुमच्या डोळ्यास दिसणें शक्य नाहीं. १९४८ त वेस्टिंगहाउसच्या कोल्टमन यांनीं उपाय दाखविला. पडद्याचा प्रकाश लागूनच असलेल्या पत्र्यावर पाडून त्याचे विद्युत्कण करावयाचे, त्यांस मोठ्या दाबानें वेग द्यावयाचा, आणि लहान पडद्यावर पुन्हां प्रकाश करावयाचा. मूळ छाया शेंकडों पट, पुढें हजारों पट उजळ. यानें सर्व प्रश्न सुटला असें अनेकांस वाटलें. परंतु १९४९ त स्टर्म व मॉर्गन यांनीं हिशेब मांडून दाखविलें कीं उजेड कितीही वाढविला तरी पहिल्या पडद्यानें जितके किरण अडविले त्याहून अधिक माहिती पुढें मिळत नाहीं. किरण थोडे असतील तर उजळ चित्र नुसतें दाणेदार दिसेल. हस्तलिखिताची नक्कल कितीही वळणदार अक्षरांत केली तरी मुळांत फाटलेलीं पानें तींत यावयाचीं नाहींत, त्यांतलाच हा प्रकार. तरी लाल चष्मे यामुळेंच गेले, आणि काळोखांत वाट पाहणेंही गेलें.

शरीराबाहेरून किरण सोडण्याऐवजीं शरीरांतच किरणोत्सर्गी औषध देऊन तें कोठें सांचलें हें पाहण्याची विद्या या स्फटिकांवर उभी राहिली. कॅलिफोर्नियांत कॅसेन यांनीं १९५० च्या सुमारास केलेल्या यंत्रांत कंठग्रंथीवरून शोधक मागें-पुढें सरकत जाई आणि आयोडिन-१३१ जेथें आढळे तेथें कागदावर ठिपके उमटवी. त्यांच्या शोधकांत स्फटिक कोणता होता? एडिसन यांचेंच कॅल्शियम टंगस्टेट. चित्र पुरें व्हावयास फार वेळ लागे, तोंवर रोग्यानें हलूं नये. हा दोष बर्कली येथील हॅल अँगर यांनीं १९५७ सालीं दूर केला. चार इंच व्यासाचा सोडियम आयोडाइडचा एकच स्फटिक, त्यामागें एक नळी मध्यें व सहा भोंवतीं अशा सात प्रकाशगुणक नळ्या. कोणत्याही बिंदूवर ठिणगी पडली तर सातही नळ्यांस तिचा कमीअधिक वांटा मिळतो, आणि त्या वांट्यांच्या प्रमाणावरून बिंदूचें स्थान निश्चित होतें. एका घटनेविषयीं सात साक्षीदारांच्या जबान्या घेऊन त्यांची संगति लावण्याची ही युक्ति आम्हांस सर्व यंत्रांत अधिक बुद्धिमान वाटते. आजचीं गॅमा-चित्रणाचीं पुष्कळशीं यंत्रें तिच्यावरच चालतात.

यापुढचा भाग अगदीं अलीकडचा असल्यानें थोडक्यांत सांगतों. १९८० नंतरच्या दशकांत किरणांची आठवण सांठवून ठेवणारे व तांबड्या लेझरनें टोंचतांच निळा प्रकाश देऊन ती परत करणारे पडदे जपानांतून आले. १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस सीझियम आयोडाइडचे सुईसारखे स्फटिक व त्यांमागें सिलिकॉनची पाटी असे सपाट शोधक आले. मुंबईंत परळ येथें विकिरण-वैद्यक-केंद्र १९६३ सालीं निघालें, आणि किरणोत्सर्गी औषधांनीं रोगनिदान करण्याची विद्या इकडे रुजली. तुर्भें येथील भाभा अणुसंशोधन-केंद्रानें १९७० नंतरच्या दशकांत डिस्प्रोशियमचा अंश घातलेल्या कॅल्शियम सल्फेटच्या टिकल्या प्रचारांत आणिल्या. देशांतील इस्पितळांच्या क्ष-किरण-विभागांतील नोकर अशा तीन टिकल्यांची पट्टी छातीवर लावतात. ठराविक मुदतीनें ती पट्टी प्रयोगशाळेकडे जाते. तेथें टिकल्या तापविल्या म्हणजे सांचलेली शक्ति प्रकाशरूपानें बाहेर पडते, प्रकाशगुणक नळी तो प्रकाश मोजते, आणि लावणाऱ्याच्या नांवापुढें त्याला मिळालेल्या मात्रेचा आंकडा नोंदला जातो.